जुना संगणक आणि आजचे काम

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



संगणकावर बोलण्यासाठी संयोजकांनी माझ्यासारख्या बँकेतल्या लिपिकाला उभे केले, याचे काहींना नवल वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर आहे, अभियंता नाही. परंतु ज्या टेबलावर मी गेली अनेक वर्षे बसतो, त्या टेबलावर संगणक असतो आणि तो क्वचितच नवा असतो. जुन्या यंत्राकडून रोजचे काम कसे करून घ्यावे, हे बँकेच्या लिपिकाला आपोआप कळत जाते. तेवढ्याच अधिकारावर मी चार शब्द बोलणार आहे.

विषयाला निमित्तही तसेच आहे. सभासदांनी अभ्यासिकेसाठी वेळोवेळी दिलेले जुने संगणक आज एका खोलीत चादरीखाली झाकून ठेवलेले आहेत. ते भंगारात विकून येईल ती रक्कम निधीत जमा करावी, असे काहींचे मत आहे. गरजू विद्यार्थ्यांना ते वाटून टाकावेत, असे दुसऱ्या काहींचे मत आहे. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. का मान्य नाहीत, ते आधी सांगतो आणि मग काय करावे तेही सांगतो.

बँकेने शिकवलेला धडा

बँकांमध्ये संगणक सहजासहजी आला नाही. १९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाबाबत करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिने १९८४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. आज आपल्या मोबाइलमधले एक छायाचित्र जेवढी जागा घेते, तेवढीही स्मृती त्या यंत्रांत नव्हती. तरी ती खात्याची शिल्लक काढत, व्याज आकारत आणि दिवसाचा मेळ घालून देत. कारण त्यांना एकच काम सांगितलेले होते आणि ते त्यांच्या ताकदीचे होते.

पुढे २००० नंतरच्या दशकात कोअर बँकिंग आले. खात्यांची नोंद शाखेतून उठून दूरच्या मोठ्या संगणकावर गेली. शाखेतल्या संगणकाने फक्त आकडे पाठवायचे आणि आलेले उत्तर पडद्यावर दाखवायचे. त्यामुळे टेबलावरचे यंत्र जुने असले तरी ग्राहकाचे काम अडत नसे. यातून मी एक गोष्ट शिकलो. संगणक किती जुना आहे, हा प्रश्न नंतर विचारावा. त्याच्यावर काम कोणते टाकणार आहोत, हा प्रश्न आधी विचारावा.

हा धडा केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी २०१४ साली एका मुलाखतीत सांगितले, की आपण अजूनही डॉस चालणाऱ्या, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर वर्डस्टार ४ मध्येच लिहितो. जगभर वाचल्या जाणाऱ्या जाड जाड कादंबऱ्या अशा यंत्रावर लिहून होतात. मग आपल्या विद्यार्थ्याचा वीस पानांचा प्रकल्प अहवाल जुन्या यंत्रावर का होऊ नये?

संगणक म्हातारा होतो म्हणजे काय होते?

पुष्कळांचा समज असा असतो, की संगणक वर्षागणिक थकत जातो. खरे पाहता २००८ साली घेतलेला संगणक त्या वर्षी ज्या वेगाने बेरीज करत होता, त्याच वेगाने आजही करतो. फरक पडतो तो तीन ठिकाणी.

पहिला फरक शरीराचा. जुन्या संगणकात हार्ड डिस्क असते. तिच्यात फिरणारी तबकडी आणि तिच्यावर सरकणारी सुई असते. हा भाग सर्वांत मंद आणि सर्वांत आधी बिघडणारा. तो काढून त्या जागी एसएसडी बसवली, म्हणजे फिरता भाग नसलेली साठवण बसवली, की तोच संगणक ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. रॅम दोन जीबीची चार जीबी केली की आणखी सुधारतो. एवढ्या दोन खर्चांत नवीन संगणक टाळता येतो.

दुसरा फरक सॉफ्टवेअरचा. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिची सुरक्षेची देखभाल कंपनीने थांबवली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुढची विंडोज ११ साधारण २०१७ च्या आधीच्या बहुतेक संगणकांना स्वीकारतच नाही. म्हणजे आदल्या दिवशी उत्तम चालणारे यंत्र दुसऱ्या दिवशी कागदोपत्री जुने ठरते. माणूस ठणठणीत असताना वयाच्या दाखल्यावरून त्याला निवृत्त करावे, तसा हा प्रकार आहे.

तिसरा फरक बाहेरच्या जगाचा. पूर्वी संकेतस्थळाचे पान म्हणजे मजकूर आणि एखादे चित्र. आता त्या पानाबरोबर अनेक लहानमोठे प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर उतरतात आणि आपल्याच रॅममध्ये चालतात. शिष्यवृत्तीचा अर्ज उघडताना संगणक हळू होतो, तो यामुळे. शिवाय संकेतस्थळे आता नव्या पद्धतीच्या गुप्त लिपीतून बोलतात. एक्सपीमधल्या जुन्या ब्राउझरला ती लिपी येत नाही, म्हणून पान उघडतच नाही.

येथे एक छोटी पण उपयोगाची गोष्ट सांगतो. संगणकाच्या आत नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. सी आर २०३२ या नावाने ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की वीज बंद केल्यावर संगणक तारीख विसरतो आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र तारखेवरून तपासले जात असल्यामुळे 'ही जागा सुरक्षित नाही' असा इशारा येऊन सगळे अडते. लोक समजतात, संगणक गेला. गेलेली असते ती फक्त बॅटरी.

धोका कशात आहे?

धोका जुन्या यंत्रात नसतो, तो देखभाल थांबलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला आणि सुरक्षेची दुरुस्ती न घेतलेल्या संगणकांवरील फायली त्याने कुलूपबंद करून खंडणी मागितली. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आदेश दिला, की एक्सपी व मुदत संपलेल्या इतर प्रणालींवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलावीत आणि हे काम जून २०१९ पर्यंत पूर्ण करावे. जी प्रणाली एटीएममध्ये चालू नये असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, ती आपण आपल्या मुलांच्या पासवर्डसाठी कशी चालू द्यावी?

म्हणून नियम सोपा ठेवावा. देखभाल थांबलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार, आधारची कामे, ईमेल व शिष्यवृत्तीचा अर्ज करू नये. त्या संगणकाला इंटरनेटची तार लावूच नये. मात्र त्याच यंत्रावर लिनक्सची चालू आवृत्ती आणि अद्ययावत ब्राउझर बसवला, तर जुने यंत्रही सुरक्षितपणे इंटरनेटवर जाऊ शकते. लिनक्स विनामूल्य मिळते. तिच्यात मराठी लिहिता येते आणि शासनमान्य इनस्क्रिप्ट कळफलकही असतो.

आनंदाचे उत्तर

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते खटकले. एवढ्या वस्त्रांचे एक भिक्षू काय करणार, असे त्याने विचारले. आनंदाने सांगितले, की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ती वाटू. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे काय? त्यांच्या गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळी जमिनीवर अंथरायला, जुनी अंथरणे पाय पुसायला, जुनी पायपुसणी धूळ झटकायला, आणि शेवटी ती फडकी कुटून चिखलात मिसळून सारवायला. राजाची खात्री पटली आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

मला वाटते, जुन्या संगणकाविषयी यापेक्षा चांगले मार्गदर्शन सापडणार नाही. वस्तू जसजशी उतरते तसतसे तिचे काम बदलते. तिला फेकण्याची वेळ सर्वांत शेवटी येते, आणि तेव्हाही ती कोठे जाते याचा विचार केलेला असतो. या पद्धतीने आपल्या खोलीतल्या संगणकांची वर्गवारी करू.

पहिल्या वर्गात ६४ बिटचे आणि चार जीबी किंवा अधिक रॅमचे संगणक येतील. त्यांना एसएसडी बसवून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालावी. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, स्वाधार योजनेची माहिती, जात पडताळणीचे अर्ज, परीक्षांचे प्रवेशपत्र, ईमेल, बायोडाटा ही सर्व कामे त्यावर होतील. चित्रफिती पाहायच्या तर दर्जा ४८० किंवा ३६० वर ठेवावा, म्हणजे व्याख्यान अडखळत नाही.

दुसऱ्या वर्गात दोन जीबी रॅमचे. त्यांच्यावर एका वेळी एक-दोनच पाने उघडावीत. परंतु वाचनासाठी ते उत्तम. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड पीडीएफ स्वरूपात इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. ते एकदा उतरवून या संगणकांवर ठेवले, की पुढे इंटरनेट नसले तरी चालते. मागील प्रश्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तकेही तशीच ठेवता येतील. फोटो व सही ठरावीक किलोबाइटमध्ये बसवणे, चार दाखल्यांची एक पीडीएफ करणे, ही कामेही याच यंत्रावर होतात. याच कामांसाठी आपला विद्यार्थी आज खेड्यातून तालुक्याला येऊन दुकानात पैसे मोजतो.

तिसऱ्या वर्गात एक जीबीच्या खालचे, ३२ बिटचे जुने संगणक. डेबियनसारख्या मोठ्या लिनक्सनेही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून असल्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. तेव्हा त्यांना इंटरनेटपासून दूर ठेवावे. त्यांच्यावर अँटीएक्ससारखी अत्यंत हलकी प्रणाली घालून टंकलेखनाचा सराव करावा. बोटे कळफलकावर बसायला नवा संगणक लागत नाही. हिशेबाची पाने आणि मराठी पत्रलेखनही तेथे शिकता येईल.

चौथ्या वर्गात फक्त एकच संगणक ठेवावा, आणि त्याच्याविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे.

जुन्या फायलींची किल्ली

नव्वदच्या दशकात आपल्यासारख्या संस्थांच्या स्मरणिका डीटीपीवर होऊ लागल्या. पेजमेकरमध्ये पाने लावायची आणि श्रीलिपीचे किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमचे मराठी फॉन्ट वापरायचे, ही त्या काळाची रीत होती. त्या फॉन्टमध्ये अक्षर दिसायला मराठी असे, पण संगणकाच्या दृष्टीने ते इंग्रजी चिन्हांवर चढवलेले चित्र असे. आज आपण मोबाइलवर लिहितो ते मराठी युनिकोडमधले आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. त्यामुळे जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली, की मराठीऐवजी अर्थ न लागणारी चिन्हे दिसतात. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती २००१ साली निघाली, त्यानंतर ते बंदच झाले.

आता विचार करा, त्या फायलींत काय काय आहे. विहाराच्या बांधकामाचे देणगीदार आहेत, पहिल्या पिढीतल्या पदवीधरांचे परिचय आहेत, किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरच्या मदतकार्याच्या नोंदी असू शकतात, नामांतराच्या काळातल्या आठवणी असू शकतात. आपल्या समाजाचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला नाही. तो अशाच स्मरणिकांत आहे. छापील प्रतींना वाळवी लागते, फ्लॉपीला बुरशी येते आणि सीडी वाचेनाशी होते.

ज्या संगणकावर ते जुने फॉन्ट, पेजमेकर आणि फ्लॉपीचा खण अजून शाबूत आहे, तो संगणक म्हणजे त्या इतिहासाची किल्ली आहे. त्याला इंटरनेट द्यायचे नाही, त्यावरचे काही पुसायचे नाही. एकेक फाइल उघडून तिची पीडीएफ करायची, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि शुद्धलेखन तपासायचे. मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर एका सुट्टीत बरेच काम होईल. म्हणून सांगतो, भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी प्रत्येक संगणकात काय आहे ते एकदा पाहा.

आपल्या हवेतील निगा

आपला जिल्हा कोरड्या हवेचा आणि धुळीचा. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. धुळीने पंखा जाम झाला की आतला तापलेला भाग स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, संगणक म्हातारा झाला. तेव्हा वीज पूर्ण काढून, मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने वर्षातून दोनदा आतली धूळ काढावी. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलावा. अर्थिंग नीट करून घ्यावे, कारण कमी-जास्त होणाऱ्या विजेने जुन्या यंत्राचा वीजपुरवठा आधी जळतो. मात्र वीजपुरवठ्याचा बंद डबा आणि जुन्या काचेच्या मॉनिटरची मागची बाजू कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहिलेली असते. आणि कोणत्याही जुन्या संगणकावरचे महत्त्वाचे काम पेन ड्राइव्हवर दुसऱ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय उठू नये.

एक रास्त आक्षेप

हे सर्व ऐकल्यावर आपल्यातला एखादा स्वाभिमानी तरुण विचारील, की दुसऱ्यांनी टाकलेल्या वस्तू आमच्याच मुलांनी का वापरायच्या? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टे-शिळे आणि मृत मांस सोडण्यास सांगितले. टाकलेले स्वीकारण्याची सवय माणसाला आतून लहान करते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच जुने संगणक मुलांना वाटून टाकण्याच्या सूचनेला मी विरोध केला. बंद पडलेले यंत्र विद्यार्थ्याच्या घरी नेऊन ठेवायचे, फोटो काढायचा आणि दान केल्याचे समाधान मानायचे, याला मी दान म्हणणार नाही. तो आपल्या घरातला कचरा गरिबाच्या घरात लोटणे आहे. ते यंत्र महिनाभरात बंद पडते आणि मुलाला वाटते, आपल्यालाच येत नाही.

परंतु आनंदाने जी जुनी वस्त्रे वापरली ती लाचारीने वापरली नाहीत, विचाराने वापरली. जो संगणक आपण स्वतः उघडतो, तपासतो, दुरुस्त करतो आणि ज्याचे काम आपण ठरवतो, तो टाकलेला राहत नाही, तो आपला होतो. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने रॅम बसवली आणि लिनक्स घातले, तिला संगणकाचे भय राहत नाही. ती उद्या नवीन यंत्रापुढे बसली तरी डगमगणार नाही. आणि जेथे नवीन यंत्र खरोखरच लागते, तेथे जुन्याचा आग्रह मी धरणार नाही. ऑनलाइन परीक्षा, अभियांत्रिकीचे चित्रकाम, प्रोग्रॅमिंगचे मोठे अभ्यासक्रम यांसाठी संस्थेने नवीन संगणक घ्यावा आणि तो विद्यार्थ्यांना हक्काने वापरू द्यावा. २०१८ साली केंद्र सरकारने जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत आपला जिल्हा आहे. आपल्या मुलांच्या आकांक्षा जुन्याने भागवायच्या, असा अर्थ कोणी काढू नये.

शेवटी राहतो तो सारवणाचा वर्ग. जे संगणक खरोखरच गेले, त्यांचे चालू सुटे भाग काढून ठेवावेत. हार्ड डिस्कवरची सभासदांची माहिती पुसून किंवा डिस्क फोडून नष्ट करावी. उरलेला सांगाडा ई-कचरा व्यवस्थापनाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. साध्या भंगारात गेलेल्या संगणकाच्या तारा तांब्यासाठी जाळल्या जातात. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये आणि डाखात शिसे असते. तो धूर कोणाच्या वस्तीत जातो, हे मी आपणांस सांगायला नको.

तीन सूचना

कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, दोन रविवार ठरवून सर्व संगणकांची तपासणी व वर्गवारी करावी आणि प्रत्येकावर त्याच्या कामाची चिठ्ठी लावावी. दुसरी, भंगारातून रक्कम मिळवण्याऐवजी थोडी रक्कम एसएसडी, रॅम व बॅटऱ्यांसाठी मंजूर करावी. तिसरी, यापुढे संगणक दान स्वीकारताना तो चालू आहे की नाही, हे पाहूनच पावती फाडावी. मी स्वतः रविवारी सकाळी उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्क्रू ड्रायव्हर धरायची हौस आहे, त्यांनी आजच नावे द्यावीत. मुलींनी आधी द्यावीत.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री एखाद्या मुलाला आपल्या अभ्यासिकेत चालू संगणक मिळाला, तर त्या यंत्राचे वय त्याला कोणी विचारणार नाही. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम.